पिशवीचे तोंड धरणारा तिसरा हात

स्वयंपाकघरातील साठवणुकीविषयी लिहिताना, झिपच्या पिशव्या उभ्या आणि उघड्या धरून ठेवणाऱ्या घडीच्या स्टँडचा गेल्या अंकात मी एका वाक्यात उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. स्टँड कलंडतो, पिशवी त्यावर नीट बसत नाही, तो विकत घ्यावा की घरीच करावा, असे प्रश्न त्यांत आहेत, आणि ते वाचल्यावर या वस्तूला एक वाक्य पुरेसे नव्हते हे मला मान्य करावे लागते. म्हणून या वेळचे सदर त्यांपैकी पाच पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी अंबाजोगाईला राहते. वय 67 वर्षे. दोन्ही हातांच्या बोटांना संधिवात आहे. घरी मी आणि हे, असे दोघेच. मुलाने पुण्याहून पिशव्यांचा घडीचा स्टँड आणून दिला. दोन उभ्या दांड्या, त्यांच्या टोकांना चिमटे आणि खाली प्लॅस्टिकची बैठक, असे त्याचे रूप आहे. पहिल्याच दिवशी त्याला पिशवी लावून पळीने वरण भरू लागले, तर दुसऱ्याच पळीला सगळे कलंडले आणि गरम वरण ओट्यावरून खाली आले. पाय थोडक्यात वाचला. तेव्हापासून स्टँड कपाटात पडून आहे. चूक माझी की वस्तूची? आणि आमच्यासारख्यांना त्याचा खरोखर उपयोग आहे, की आपले जुने डबेच बरे?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आपला पाय भाजला नाही हे वाचून हायसे वाटले. चूक आपली नाही, आणि वस्तूही टाकून देण्यासारखी नाही. परंतु ती नेमक्या कोणत्या क्षणी दगा देते हे तिच्या खोक्यावर कोणी छापत नाही, आणि तोच क्षण आपल्या वाट्याला आला.

माझे लहानपण परभणीच्या मोंढ्याजवळ गेले. आडतीवर ज्वारी भरताना एक हमाल घमेल्याने धान्य ओतत असे आणि दुसरा पोत्याचे तोंड दोन्ही हातांनी ताणून धरत असे. पोत्याचा काठ चार बोटे बाहेर दुमडलेला असे, म्हणजे तोंड ताठ राही आणि शिवायची कड धान्याच्या धुळीपासून मोकळी राही. पहिली पाच-सहा घमेली पडेपर्यंत धरणारा माणूस पोते तसूभरही सोडत नसे. बुडाशी धान्य बसले, पोत्याने आपली बैठक धरली, की मग मात्र तो एका हाताने तोंड धरी आणि दुसऱ्या हाताने उपरण्याने घाम पुसे. घरी दळणाचे पोते भरताना तोंड धरण्याचे हेच काम आम्हा लेकरांकडे येई, आणि सुरुवातीलाच हात ढिला पडला की अर्धी ज्वारी अंगणात सांडत असे.

स्टँडवरच्या पिशवीचे अगदी असेच आहे. रिकामी पिशवी चिमट्यांना अडकवलेली असते. तिचे बूड बैठकीला टेकले असले तरी त्यात वजन नसते. अशा वेळी वरून पडणारी पळीभर आमटी किंवा वरण आधी पिशवीच्या एका बाजूवर आदळते, ती बाजू तिकडची दांडी आपल्याकडे ओढते, आणि दांडी उंच व बैठक हलकी असल्यामुळे एवढासा ताणही सगळा डोलारा वाकवायला पुरतो. पिशवीत चार बोटे पदार्थ साचला की भार तळाशी येतो, आणि मग तोच स्टँड चांगला धक्काही सहन करतो. धोका असतो तो पहिल्या दोन-तीन पळ्यांचा. आपले वरण दुसऱ्या पळीला सांडले, यात नवल नाही.

तेव्हा सुरुवात अशी करावी. पिशवीत हात घालून तिचे खालचे दोन्ही कोपरे बोटांनी बाहेर ढकलावेत, म्हणजे बूड पसरते. तोंड तीन-चार बोटे बाहेर दुमडावे, आणि ते अशा रीतीने की झिपची खाच दुमडीच्या आत झाकली जाईल. या खाचेत वरणाचा एक थेंब किंवा मोहरीचा एक दाणा जरी बसला तरी पिशवी पुढे नीट बंद होत नाही, आणि स्टँडचा अर्धा फायदा खरे तर ही खाच स्वच्छ राखण्यातच आहे. नंतर दांड्यांची उंची अशी ठेवावी की पिशवीचे बूड बैठकीवर सैल टेकेल. ते अधांतरी लोंबले तर सगळा भार चिमट्यांवर येतो, आणि पिशवी लांब असून बुडाशी चुरगळली तर भरताना ती एकाच अंगाला फुगते. स्टँड थेट ओट्यावर न ठेवता परातीत ओला पिळलेला फडका पसरून त्यावर ठेवावा. फडक्यामुळे तो सरकत नाही आणि काही सांडलेच तर परातीत राहते. पहिली पळी वरून ओतू नये. लांब दांड्याची पळी पिशवीच्या आत तळापर्यंत नेऊन तिथे रिकामी करावी. दोन पळ्या अशा घातल्या की पुढचे काम निर्धास्तपणे करता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. चुलीवरून उतरवलेले वरण पिशवीत भरूच नये. या पिशव्या बहुधा पॉलिथिनच्या असतात. त्यांचे प्लॅस्टिक साधारण 105 ते 115 अंश सेल्सियसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडू लागते, आणि उकळते वरण 100 अंशांच्या घरात असते. मऊ पडलेली पिशवी चिमट्यातून निसटते, हे कलंडण्याचे दुसरे कारण. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून वरण ढवळत राहावे आणि हाताला कोमट लागले की भरावे. मात्र निवायला ठेवून विसरून जाऊ नये. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा नियम आहे, आणि हवा 32 अंशांपेक्षा गरम असेल तर ही मुदत एका तासावर येते. आपल्याकडे फाल्गुन सरल्यापासून मृग लागेपर्यंत एक तासच धरावा.

आपल्या बोटांचा विचार करता मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की, कपड्याच्या चिमट्यासारखा दाबून उघडायचा चिमटा संधिवाताच्या बोटांना सोसत नाही. काही स्टँडच्या दांड्यांना वर फक्त खाच असते, तिच्यात पिशवीची दुमड ओढून अडकवायची असते, आणि त्याला बोटांची ताकद लागत नाही. मुलाला पुढच्या खेपेस असा स्टँड पाहायला सांगावे. दुसरी गोष्ट पिशवीची. झिप दोन बोटांनी दाबत नेण्याऐवजी सरकती कडी असलेल्या पिशव्या मिळतात, त्या आपल्यासाठी अधिक सोयीच्या आहेत.

आणि जुने डबे? उद्या सकाळी संपणाऱ्या भाजीला स्टीलच्या डब्यासारखे दुसरे काही नाही, त्यासाठी पिशवी लावत बसू नये. परंतु दोघांच्या घरात एकदा केलेले वरण चार वेळा पुरते, आणि त्याचे चार भाग करून बर्फाच्या कप्प्यात टाकायचे असतील तर पिशवी फारच कमी जागा घेते. त्या कामासाठी डबाच स्टँड म्हणून वापरता येतो. पिशवी डब्यात सोडायची आणि तिचे तोंड डब्याच्या काठावरून बाहेर दुमडायचे. डबा किती रुंद हवा हे काढायचे असेल तर पिशवीच्या तोंडाची सपाट रुंदी दुप्पट करून 3.14 ने भागावी. तोंड 18 सेंटिमीटर असेल तर उत्तर साडेअकरा सेंटिमीटर येते, 27 असेल तर 17 सेंटिमीटर येते. डब्याचे तोंड त्याहून किंचित लहान असावे. पिशवीखाली हवा कोंडते आणि पिशवी तळाला जात नाही, ही त्यातली एक अडचण आहे. डबा आणि पिशवी यांच्यामध्ये काठापासून तळापर्यंत एक जाड सुतळी सोडली की हवेला वाट मिळते आणि भरलेली पिशवी काढतानाही ती डब्याला धरून बसत नाही. डबा कलंडत नाही, त्यामुळे पातळ पदार्थांसाठी तो स्टँडपेक्षा भरवशाचा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टँडचा हात वर आहे तो कोरड्या आणि घट्ट पदार्थांत, आणि एकामागून एक दहा-बारा पिशव्या भरायच्या असतात तेव्हा. शिवाय घडी केल्यावर तो पळ्यांच्या खणात मावतो, डबा मावत नाही.

प्रश्न : आमचा महिला बचत गट वसमत तालुक्यात आहे. आम्ही हळद दळून पाव किलोच्या झिपच्या पिशव्यांत भरतो. एक जण पिशवी धरते, दुसरी भरते, तिसरी वजन करते. स्टँड घेतला तर एक माणूस वाचेल का?
(एका बचत गटाच्या सदस्य, जि. हिंगोली)

उत्तर : एक नव्हे, दोन माणसे वाचतील, मात्र स्टँड वजनकाट्यावर ठेवावा लागेल. रिकामी पिशवी लावलेला स्टँड काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग 250 ग्रॅम भरेपर्यंत हळद घालावी. पिशवी धरणे, भरणे आणि वजन करणे ही तिन्ही कामे एका जागी, एका हाताने होतात. काट्याचे ताट स्टँडच्या बैठकीपेक्षा मोठे हवे आणि स्टँडचे वजन धरूनही काट्याची मर्यादा ओलांडली जाऊ नये. विक्रीसाठी माल मोजत असल्यामुळे काटा वैधमापन विभागाने पडताळून मुद्रांकित केलेला असला पाहिजे, हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी लिहून ठेवतो.

हळदीची पूड पाण्यासारखी वाहत नाही आणि धान्यासारखी पडतही नाही. ती उडते, आणि उडून नेमकी झिपच्या खाचेत बसते. म्हणून पूड भरताना तोंडाची दुमड वरणापेक्षा मोठी, चांगली पाच बोटांची ठेवावी, आणि शक्य असेल तर रुंद नळीचे नरसाळे वापरावे, ज्याची नळी दुमडीच्या खाली उतरेल. नळी अरुंद असेल तर हळद तिच्यात अडकते आणि मग ठोकत बसावे लागते. पंखा बंद ठेवावा. उकाड्यात ही सूचना जाचक आहे, पण पंख्याखाली भरलेल्या पिशवीची झिप पुढे दुकानात उघडी पडते आणि दोष गटाच्या नावावर लागतो. पिशवी भरल्यावर ती काढण्यापूर्वी स्टँडसकट ओट्यावर दोनदा हलके आपटावी, पूड खाली बसते. मग दुमड उलगडून खाच कोरड्या मऊ ब्रशने पुसावी. ओला फडका लावू नये, कारण ओल्या खाचेत हळदीचा लगदा होतो.

आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा रंग हीच तिची ओळख, आणि हा रंग उजेडात फिका पडतो. पारदर्शक पिशव्यांत भरलेला माल म्हणून खोक्यात किंवा बंद कपाटात ठेवावा. स्टँडच्या प्लॅस्टिकवर हळदीचे डाग पडतील, ते घासून निघणार नाहीत. एक-दोन दिवस उन्हात ठेवला की ते आपोआप फिके होतात, कारण तेच. हळदीचा स्टँड मात्र हळदीलाच ठेवावा.

प्रश्न : बाजारातला स्टँड मी पाहिला. आमच्याकडच्या लहान पिशव्या त्यावर बसत नाहीत. लाकडाचा घरी करता येईल का?
(एक वाचक, जालना)

उत्तर : अवश्य करता येईल. झिपच्या पिशव्या बाजारात रुळल्या त्या अमेरिकेत, डाऊ केमिकल कंपनीने 1968 साली झिपलॉक या नावाने त्या आणल्यानंतर, आणि तिकडच्या पिशव्यांची मापे क्वार्ट व गॅलनची, म्हणजे जवळपास 950 मिलिलिटर आणि 3.8 लिटरची आहेत. हे स्टँडही त्याच मापांवर बेतलेले असतात, त्यामुळे आपली पाव किलोची पिशवी त्यांच्या दोन दांड्यांमध्ये पुरतच नाही.

एक फळी घ्यावी, साधारण 25 सेंटिमीटर लांब आणि 15 रुंद, जितकी जड तितकी चांगली; बाभळीचा किंवा सागाचा तुकडा सुताराकडे सहज मिळतो. तिला एका रेषेत चार-पाच भोके पाडावीत, वेगवेगळ्या अंतरांवर, म्हणजे लहान-मोठ्या पिशव्यांसाठी दांड्या जवळ-लांब करता येतील. भोके अगदी सरळ न पाडता किंचित बाहेर झुकलेली पाडावीत; दांड्या बाहेर कललेल्या असल्या की पिशवीचे तोंड आपोआप ताणलेले राहते, आणि विकतच्या अनेक स्टँडमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते. दांड्या बांबूच्या, टोकाला खाच पाडलेल्या. खाचेची धार कानशीने मोडावी, नाहीतर पिशवी फाटते. बिजागरीच्या भानगडीत पडू नये. काम झाले की दांड्या उपसून फळीला रबराने बांधून ठेवाव्यात, हीच त्याची घडी.

प्रश्न : राज्यात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आम्ही बाजाराला कापडी पिशवी नेतो. घरात मात्र झिपच्या पिशव्या वाढत चालल्या आहेत आणि त्या एकदा वापरून फेकणे मनाला पटत नाही. त्या धुऊन वापराव्यात का? स्टँडवर वाळवता येतात, असे ऐकले आहे.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : आपल्याला जे पटत नाही ते मलाही पटत नाही. जाड पिशवी नीट वापरली तर पुन्हा पुन्हा कामी येते, आणि ती किती वेळा कामी येते हे बहुतांशी ती कशी वाळते यावर ठरते. पिशवी धुणे सोपे आहे. आतून कोरडी करणे अवघड आहे. ओट्यावर आडवी टाकलेली पिशवी स्वतःलाच चिकटते, आत ओल राहते, वास येतो, आणि मग आपण ती फेकून देतो. स्टँडच्या उभ्या दांड्यांवर पिशवी पालथी घातली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या राहतात, पाणी निथळते आणि खालून हवा खेळते. माझ्या घरी तर स्टँडचा हा उपयोग भरण्यापेक्षाही जास्त होतो. सावलीत वाळवावे, कारण उन्हाने पॉलिथिन कडक होऊन तडकते.

पाण्याचे म्हणाल, तर ज्या शहराने 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेले पाणी वाटून घेतले, तिथल्या वाचकाला मी वाहत्या नळाखाली पिशव्या धुवायला सांगणार नाही. अर्धा पेला कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब पिशवीत घालून झिप बंद करावी व खळखळून हलवावे. हेच पाणी पुढच्या पिशवीत ओतावे, तिथून तिसऱ्या. सर्वांत कमी मळलेल्या पिशवीपासून सुरुवात केली तर चार पिशव्यांना तेवढेच पाणी पुरते. नंतर अर्धा-अर्धा पेला स्वच्छ पाण्याने दोनदा विसळावे. पिशवीत पाणी भरलेले असतानाच ती उलटी धरून दाबावी, गळत असेल तर लगेच कळते.

कच्चे मटण, चिकन किंवा मासे ठेवलेली पिशवी मात्र अन्नासाठी पुन्हा वापरू नये. तिथे काटकसर करू नये. लोणच्याच्या तेलाचा आणि लसणाच्या चटणीचा वास प्लॅस्टिकमधून जात नाही, तेव्हा त्या पिशव्या वेगळ्या ठेवून त्याच कामाला वापराव्यात.

प्रश्न : वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतातल्या सणाला, आमच्या शेतात भज्जी (हिरव्या दाण्यांची बेसन लावलेली भाजी), आंबील, उंडे असे सगळे होते. मुलगा नोकरीमुळे त्या दिवशी येऊ शकत नाही, तो पुढे महिन्याभराने येतो. त्याच्यासाठी तुरीचे, हरभऱ्याचे आणि वाटाण्याचे हिरवे दाणे साठवून ठेवायचे आहेत. मागच्या वर्षी पिशवीत भरून ठेवले तर सगळ्यांचा एक दगड झाला. स्टँडने काही फरक पडेल का? आणि भज्जीच करून ठेवली तर?
(एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : दगड झाला तो ओल्या दाण्यांमुळे झाला. स्टँडने एकट्याने तो टळणार नाही, पण ज्या पद्धतीने टळतो तिच्यात स्टँडची मदत मोठी आहे.

दाणे सोलल्यावर आधी उकळत्या पाण्यातून काढावेत. वाटाण्याला दीड मिनिट पुरते. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांना मी दोन मिनिटे देतो. दाण्यांच्या आत जी विकरे (एन्झाइम) असतात ती थंडीने मरत नाहीत, नुसती मंदावतात, आणि महिनाभरात दाण्याचा रंग व गोडी घालवतात. उकळत्या पाण्याने ती निकामी होतात. लगेच दाणे बर्फाच्या पाण्यात टाकावेत, म्हणजे शिजणे थांबते. मग सुती पंचावर पसरून अगदी कोरडे करावेत, आणि ही पायरी घाईने उरकू नये. कोरडे दाणे ताटात एकेरी थराने पसरून ताट तसेच फ्रीझरमध्ये ठेवावे. दोन-तीन तासांत ते गोट्यांसारखे सुटे कडक होतात.

इथे स्टँड लागतो. हे गोठलेले दाणे बाहेर आले की मिनिटभरात त्यांच्यावर दव धरते, आणि दव धरलेले दाणे पिशवीत पुन्हा गोठून चिकटतात. म्हणजे ताट बाहेर काढण्यापूर्वीच पिशवी स्टँडवर तोंड वासून तयार असली पाहिजे. मग ताट तिरपे करून दाणे एका झटक्यात आत घसरवता येतात. एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने मुठी-मुठीने भरताना जो वेळ जातो तो वाचतो, आणि बोटेही बधिर होत नाहीत. ताट स्टँडच्या तोंडापेक्षा रुंद असेल तर दाणे आधी सुपात घ्यावेत. सुपाची निमुळती कड पिशवीच्या तोंडाशी नेमकी बसते, आणि कोणत्याही नरसाळ्यापेक्षा ती या कामाला सरस आहे.

पिशवी काढल्यावर झिप बोटभर उघडी ठेवून बाकीची बंद करावी, आणि पिशवी बादलीभर पाण्यात उभी, तोंड वर ठेवून हळूहळू बुडवावी. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आतली हवा निघून जाते. पाणी झिपच्या खाली असतानाच ती बोटभर फट बंद करावी. आत हवा कमी राहिली की दाण्यांवर बर्फाचा भुगाही कमी साचतो. यानंतर पिशव्या फ्रीझरमध्ये एकमेकींना खेटून ठेवाव्यात. पसरून ठेवलेल्या पातळ पिशव्या वीज गेली की लवकर वितळतात, खेटलेल्या एकमेकींना गार ठेवतात. वीज आल्यावर दाण्यांत अजून बर्फाचे कण दिसत असतील तर ते तसेच पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही.

भज्जी करून ठेवायची असेल तर तीही ठेवता येते, कारण बेसनामुळे तिला घट्टपणा असतो. ती पूर्ण निववून, स्टँडपेक्षा डब्यात लावलेल्या पिशवीत, पहिली पळी तळाशी सोडून भरावी, आणि वर तीन बोटे जागा रिकामी ठेवावी. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते आणि जागा नसेल तर झिप उघडते. भरलेली पिशवी फ्रीझरमध्ये ताटावर आडवी, दोन बोटे जाडीची करून गोठवावी. कडक झाली की ताट काढून घ्यावे आणि पिशवी वहीसारखी उभी ठेवावी. खाली ताट नसेल तर मऊ पिशवी जाळीच्या गजांमध्ये उतरते आणि तशीच गोठते, मग ती फाडल्याशिवाय निघत नाही. आंबील मात्र गोठवू नये. ताक गोठून वितळले की फाटते आणि ज्वारीचे पीठ वेगळे होऊन खाली बसते. मुलगा येईल त्या दिवशी ती ताजीच करावी.

पिशवीवर पदार्थाचे नाव आणि वेळ अमावास्येची तारीख ती स्टँडला लावण्यापूर्वी, सपाट आणि कोरडी असतानाच लिहावी. गार पिशवीवर बाहेरून दव धरते, मग कोणत्याही पेनाची शाई तिच्यावर उठत नाही.